त्यांना मी कुठे माहीत होते?

मे महिन्यातली दुपार. पेंग्विनच्या गार खोलीतून बाहेर पडलो तेव्हा ऊन दाराशी वाट बघत असल्यासारखं अंगावर आलं. भाचीला पेंग्विन बघायचे होते, ते बघून झाले होते, आता तिला गोळा हवा होता. मला झाड दाखवायचं होतं. सात वर्षांच्या मुलीला झाड दाखवण्यासाठी थोडी लाच द्यावी लागते, म्हणून आधी झाड आणि मग गोळा असा सौदा ठरला. राणीच्या बागेतल्या गोरखचिंचेपुढे तिला उभं केलं. बुंधा बघून ती म्हणाली, "हत्तीचा पाय." बरोबरच होतं. तीच राखाडी, सुरकुतलेली कातडी, तोच बोजड, जमिनीत रुतल्यासारखा थाट. मग तिने विचारलं, "हे कोणी लावलं?" म्हटलं, खूप वर्षांपूर्वी कोणीतरी. "कोणासाठी?" मी जरा गळा भरून, आत्याने बोलावं तसं म्हटलं, "तुझ्यासाठी." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "पण त्यांना मी कुठे माहीत होते?"

गोळा काला खट्टा घेतला. जीभ संध्याकाळपर्यंत जांभळी होती.

तिला घरी सोडून डोंबिवलीची गाडी पकडली तरी ते वाक्य काही सुटेना. 'पुढच्या पिढ्यांसाठी' हा शब्द मी आयुष्यात किती ठिकाणी वापरलाय याची मनातल्या मनात यादी झाली. सोसायटीच्या वार्षिक सभेत पावसाच्या पाण्याची टाकी करायची होती तेव्हा. शाळेच्या निबंधात. बाकी लोक तर कुठेही वापरतात, महापालिकेच्या फलकांवर, भूमिपूजनाच्या भाषणांत, झाड तोडणाऱ्यांच्याही आणि वाचवणाऱ्यांच्याही तोंडी तोच शब्द. फार सोयीचा आहे. पुढच्या पिढ्या सभेला येत नाहीत, हरकत घेत नाहीत, 'आमच्या नावावर हे काय खपवताय' असं विचारत नाहीत. एका सात वर्षांच्या पिढीने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण खरंच, त्यांना ती कुठे माहीत होती? बाग उघडली १८६२ मध्ये, गव्हर्नरच्या बायकोच्या, लेडी फ्रियरच्या हस्ते. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला आणि इकडे मुंबईत कापसाच्या पैशाचा नुसता पूर आलेला. त्या पैशाच्या गुर्मीत शहराने जी काही हौस करून घेतली त्यात ही बाग. डॉ. बर्डवुड यांच्यासारखे वनस्पतींचे नादिष्ट साहेब, नाना शंकरशेटांसारखी एतद्देशीय बडी माणसं, ससून या व्यापारी घराण्याने दिलेलं घड्याळ, आणि फुलझाडांचा षोक असलेली एक सोसायटी. त्यांची आधीची बाग शिवडीला होती. तिची पुढे दफनभूमी झाली, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. बाग जायला किती थोडं पुरतं! माणसांना मरायला जागा कमी पडली, तेवढ्यावर भागलं. तर ही भायखळ्याची दुसरी बाग त्या लोकांनी केली ती स्वतःच्या संध्याकाळसाठी. मड्डमांना सावलीत फिरायला, बँड ऐकायला, आणि ब्रह्मदेशातलं, आफ्रिकेतलं, दक्षिण अमेरिकेतलं कुठलं रोप या खाऱ्या दमट हवेत तग धरतं ते बघायला. उर्वशी नावाचं झाड ब्रह्मदेशातलं. तिची लाल-पिवळी फुलं झुंबरासारखी उलटी लोंबतात, आणि मी आजवर ती पूर्ण बहरात एकदाच पाहिली आहे. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला, पण त्याच्या फुलात शंकराची पिंड आणि वर नागाचा फणा दिसला म्हणून आपण त्याला असं काही घरचं करून टाकलंय की परका म्हटलं तर लोक भांडतील. लावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ना पिंड होती, ना डोंबिवलीहून येणारी आत्या, ना काला खट्टा.

माझी आजी तर नक्कीच नव्हती.

आजी लालबागहून बागेत चालत यायची. आंबेडकर रोडने सरळ, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, मागे आम्ही सहा नातवंडं ओळीत. खोली दहा बाय बाराची, माणसं नऊ. मुलं घराबाहेर काढणं हा बागेत जाण्याचा पहिला आणि खरा हेतू होता, निसर्ग वगैरे नंतर. दाराशी आलं की पाणघोड्याच्या तळ्याचा तो कुजकट, हिरवा वास यायचा. आम्हाला तो इतका आवडायचा की आजही कुठे साचलेल्या पाण्याचा वास आला की मला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. आजी जनावरांकडे बघायचीही नाही. "ती बिचारी अडकल्येत, आपण काय बघायचं?" असं म्हणून सरळ झाडांकडे वळायची. ती संगमेश्वरकडची. तिच्या डोक्यात झाडांची एक यादी होती आणि मुंबईत त्यातलं फारसं काही उरलं नव्हतं. बकुळीखाली ती आधी वाकायची, मग इकडेतिकडे बघायची. वॉचमनची शिट्टी वाजली की कंबर धरून सरळ व्हायची, जणू पाठच दुखत होती. पिशवीत तोवर मूठभर फुलं गेलेली असायची. जी झाडं तिला ओळखता येत नसत त्यांना ती बेधडक स्वतःची नावं द्यायची. पाटीवर लिहिलेलं लॅटिन नाव तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिने ते मानलं नसतं. बागेतला एक माळी तिच्या गावाकडचा निघाला होता. श्रावणी सोमवारी तो कैलासपतीचं खाली पडलेलं फूल पानात गुंडाळून तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. त्या फुलाचा वास आमच्या खोलीत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा, उग्र, गोड, थोडासा औषधी. घासलेटच्या वासावर मात करणारी आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट होती.

आणि तिचं एक बाकडं होतं. मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली, वाटेच्या जरा आत. एरवी चाळीत कोणाशी वाद न घालणारी, नळावर आपली बारी दुसरीला देणारी ही बाई त्या बाकड्याच्या बाबतीत मात्र निव्वळ गुंड होती. तिथे कोणी बसलेलं असलं की ती समोर जाऊन उभी राहायची. बोलायची नाही काही. फक्त पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, सुस्कारा सोडायची. पाच मिनिटांत माणूस उठायचा. आम्ही लाजेने दूर काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडे पळायचो. (तो घोडा आणि वरचा राजा १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणून ठेवले. आजी म्हणायची, राजाची बदली झाली.) बुधवारी बाग बंद असते, तर बुधवारी ती चिडचिडी असायची. "झाडांना कसली रे सुट्टी?" हा तिचा महापालिकेला कायमचा प्रश्न होता.

८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. भोंगा थांबला, आणि भोंग्याशिवाय सकाळ कशी होते ते चाळीला कळेना. आजोबांना घरात बसवेना, नाक्यावर उभं राहवेना. उन्हाळा आला तसे ते आजीबरोबर बागेत यायला लागले. ते एकटेच नव्हते. त्या वर्षी बागेत दुपारी पांढरे लेंगे आणि टोप्या घातलेले पुरुष दिसायला लागले, तरुण आणि म्हातारे, दोघे-तिघे मिळून, न बोलता. मी आठ वर्षांची होते, मला वाटलं गिरण्यांनी सगळ्यांना सहलीला पाठवलंय. आजोबा पहिल्या दिवशी थेट आजीच्या बाकड्यावर जाऊन बसले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग काहीच न करता बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसली, आणि पुढे ते वारेपर्यंत तिथेच बसत राहिली. आम्हा मुलांना तेव्हा या गोष्टीत काही विशेष दिसलं नव्हतं. आता मी हे लिहिताना मध्येच उठून पाणी पिऊन आले.

गिरणगावाच्या मोकळ्या जागांचं पुढे काय झालं ते लालबाग-परळच्या माणसाला सांगायला नको. साधारण सहाशे एकर जमीन. १९९१च्या नियमात वाटण्या ठरल्या होत्या, गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमातले शब्द असे काही बदलले की वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची व्हायची, शेड उभी असलेल्या जमिनीची नाही. गिरणीत मुळात शेड सोडून रिकामं असतं काय? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो बदल मानला नाही, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानला. आमच्या घरी त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. आजोबा नव्हतेच, आजीही नव्हती. वडिलांनी पेपर घडी करून रद्दीवर ठेवला. त्या न झालेल्या बागा, न झालेली मैदानं यांच्याबद्दल मला कधी कधी विचित्र वाटतं, त्यांची आठवण येते असं म्हणता येत नाही, कारण त्या कधी नव्हत्याच. पण चिंचपोकळीच्या पुलावर उभं राहिलं आणि काचेचे टॉवर दिसले की डोळे आपोआप बुंध्याजवळ काहीतरी शोधायला लागतात. असायला हवं होतं असं काहीतरी.

हे सगळं सांगतेय ते माझ्या एका चुकीपर्यंत पोचायला वेळ लागावा म्हणून.

साल २००७. राणीच्या बागेचा कायापालट करायचा चारशे कोटींच्या वरचा आराखडा आला होता, थायलंडच्या सल्लागारांकडून करून घेतलेला. परदेशी प्राणी, नवे पिंजरे, नव्या वाटा, काय काय. रविवारी मी आईकडे लालबागला आले होते आणि परत जाताना, जुन्या सवयीने, भायखळ्यापर्यंत चालत निघाले होते. बागेच्या दाराशी एक बाई सह्यांची वही घेऊन उभी होती. पायात पांढरे बूट, गळ्यात घड्याळ, कपाळावर घाम. तिने वही पुढे केली. म्हणाली, झाडं जातील. मी म्हटलं, गाडीची घाई आहे. तेव्हा तिने जे म्हटलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, "अहो, मला रोज सकाळी चालायला दुसरी जागा नाही हो." मला राग आला. मनात म्हटलं, बघा, म्हणजे हे सगळं बाईंच्या मॉर्निंग वॉकसाठी! झाडांचं नाव फक्त पुढे. मी सही केली नाही. गाडीत बसल्यावर स्वतःवर खूशही झाले, ढोंग ओळखलं म्हणून.

त्या बाईचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, पण त्या सह्यांचं ठाऊक आहे. बागेत रोज येणारी मूठभर माणसं, बहुतेक बायकाच, त्या मागे लागल्या. झाड न झाड मोजलं. तीन हजारांच्या वर भरली. नावं लावली, नकाशावर मांडली. अर्ज केले, माहितीचा अधिकार वापरला, वारसा समितीपुढे जाऊन बसल्या. वर्षं गेली. तो मूळ आराखडा अखेर मागे पडला, आणि त्याच्या जागी जो आला तो पुष्कळच अंग चोरून आला. मी नंतर एकदा अशाच एका झाडं दाखवणाऱ्या फेरीला गेले होते. पाठीमागे उभी राहिले, कोणी ओळखण्याचा प्रश्न नव्हता तरी. माहिती सांगणारी बाई एका फांदीखाली थांबून सहज बोलून गेली की इथे पूर्वी सकाळी ऊन येत नसे, आता येतं, म्हणजे पलीकडची फांदी गेली असणार. मी त्या वाक्याने जागच्या जागी थिजले. कुठल्या वारसा समितीला, कुठल्या सल्लागाराला, 'पुढच्या पिढ्या' म्हणणाऱ्या कुठल्या वक्त्याला हे कळलं असतं? रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, स्वतःच्या गुडघ्यांसाठी, स्वतःच्या साखरेसाठी चालणाऱ्या माणसालाच ते कळतं. तिची सकाळ चोरीला गेली होती म्हणून तिला चोरी कळली. आजी त्या वर्षी असती तर ती वहीवर अंगठा उठवून वर त्या बाईलाच विचारती, 'माझ्या बाकड्याचं काय?'

पेंग्विनांवर माझा राग नाही. असायला हवा असं काही ओळखीच्या लोकांना वाटतं. २०१६ च्या जुलैमध्ये आठ आले, थंड काचघर झालं, पुढच्या मार्चपासून लोकांची झुंबड उडाली. मी स्वतः त्या काचेला नाक लावून उभी राहते. बाहेर पस्तीस अंश आणि आत एक काळा-पांढरा गडी पाण्यातून सुरीसारखा सपकन जातो, हे बघून जो आनंद होतो तो खोटा नाही. हे खरं की भाची पेंग्विनसाठीच आली आणि झाडापर्यंत पोचली. नुसत्या गोरखचिंचेसाठी तिने डोंबिवलीच्या आत्याबरोबर भर उन्हात पाऊल टाकलं नसतं. पण तिकीट. मोठ्यांचे पाच रुपये होते ते २०१७ मध्ये पन्नास झाले, मुलांचे दोन होते ते पंचवीस. दोन मोठी आणि दोन लहान अशा कुटुंबाला शंभर. हिशेब करणाऱ्याने कुटुंब किती माणसांचं असतं हे ठरवून टाकलं होतं. एक म्हातारी आणि सहा नातवंडं हे त्या तक्त्यात कुठे बसतात मला सांगा. मॉलमध्ये एका कॉफीला याहून जास्त पडतात हे मला कळतं, मीच देते. पण पेंग्विन बघायला माणूस वर्षातून एकदा येतो आणि बाकड्यासाठी आठवड्यातून चारदा. चारदा येणारी माणसं कमी झाली तर ऊन कुठून यायला लागलं हे सांगायला बागेत कोण असेल, याची मला धास्ती वाटते.

मुंबईच्या पर्जन्यवृक्षांवर मध्यंतरी मिलीबग नावाची पांढरी कीड पडली, रस्त्याकाठची किती तरी उभी वाळली. आजीच्या बाकड्यावरचं झाड त्यात गेलं की आधीच गेलं होतं, मला सांगता येत नाही. नंतर कित्येक वर्षं मी त्या बाजूला फिरकलेच नव्हते. माझ्या घराला गॅलरी आहे, गॅलरीत कुंड्या आहेत, मला बागेची गरज उरली नव्हती. हेही त्या सही न केलेल्या वहीइतकंच माझ्या खात्यावर आहे. या मे महिन्यात भाचीला घेऊन शोधत गेले तर तिथे वेगळ्याच फरशा, वेगळी वाट, वाटेकाठी कचऱ्याचा डबा. अंदाजाने एका जागी उभी राहिले आणि तिला सांगितलं, इथे तुझी पणजी बसायची. तिने बघितलं, डबाच दिसला. "इथे?" म्हणाली. मग आम्ही गोरखचिंचेकडे गेलो, आणि पुढचं सांगितलंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, तिचा फोन आला. पुन्हा जाऊ या. अर्थात पेंग्विन, मी धरूनच चालले होते. आभाळ भरलेलं होतं, हवेत तो भायखळ्याचा पावसाआधीचा वास, ओली माती, रेल्वेचं लोखंड आणि कुठून तरी तळलेल्या भज्यांचा. पेंग्विन बघितले, तेवढ्याच प्रेमाने. बाहेर आल्यावर मात्र ती माझा हात सोडून पुढे पळाली. गोळ्याच्या गाडीकडे नव्हे. मागच्या वेळी झाडापासून थोड्या अंतरावर ज्या बाकड्यावर बसून तिने काला खट्टा संपवला होता, त्याच्याकडे. तिथून म्हणे झाडात हत्ती पूर्ण दिसतो, सोंडेसकट. दुसरीकडून नुसता पाय दिसतो.

बाकड्यावर तिच्याच वयाचा एक मुलगा बसला होता, मांडीवर चिवड्याची पुडी. शेजारी त्याची आई, मोबाइलवर. भरपूर जागा होती, भाची दुसऱ्या टोकाला सहज मावली असती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली. आजी गेली तेव्हा तिच्या बापाचंही लग्न झालेलं नव्हतं, हे तिला कोणी दाखवलेलं असणं शक्य नाही. मुलगा चिवडा खायचा थांबला.

"उठ ना," ती शेवटी म्हणाली. "ही माझी जागा आहे."

त्याच्या आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मोठ्या माणसाने काय बोलायचं ते मला माहीत आहे. बाग सगळ्यांची असते, बाळा, मिळून बसा. मी पर्स उघडली आणि आत काहीतरी हरवल्यासारखी शोधत राहिले.